जबलपूरचा तोफगाडा

डिसेंबर 1817 मध्ये जनरल हार्डीमनची फौज जबलपुरावर चालून आली. नागपूरकर भोसल्यांच्या शिबंदीने लढाई दिली, पण ती फार वेळ टिकली नाही. तीन-चार आठवड्यांपूर्वीच, 26 आणि 27 नोव्हेंबरला, सीताबर्डीच्या टेकडीवरून इंग्रजांना हटवण्याचा भोसल्यांचा प्रयत्न फसला होता. नागपूरच डळमळल्यावर जबलपूर कोण राखणार? नर्मदाकाठचा हा मुलूख मराठ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या होता असेही नाही. 1742 साली नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर चाल करून गढा-मंडल्याच्या गोंड राज्यावर चौथाई बसवली. पुढे 1781 च्या सुमारास सागरच्या मराठ्यांनी ते राज्यच घशात घातले आणि अठरावे शतक संपता संपता हा प्रदेश भोसल्यांच्या पदरात पडला. वीस वर्षांत तो हातचा गेला. 1818 च्या उन्हाळ्यात अप्पासाहेब भोसल्यांना कैद करून प्रयागला नेत होते. वाटेत त्यांनी पहारेकऱ्यांना फितवले, ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांचे राज्य मराठ्यांनी घेतले, त्यांनीच पळत्या मराठा राजाला थारा दिला.

गढा-मंडल्याच्या त्याच गोंड घराण्यातले राजा शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी 18 सप्टेंबर 1857 रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. आणि 1904 साली त्याच गावात इंग्रजांनी तोफगाड्यांचा कारखाना काढला. लोक त्याला आज ‘जीसीएफ’, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, म्हणतात. 2019 साली ‘धनुष’ ही तोफ याच कारखान्यातून भारतीय सैन्याच्या ताब्यात गेली.

सत्ता खचते तेव्हा आधी काय जाते आणि मागाहून काय जाते, हे समजून घ्यायला जबलपूरइतके चांगले गाव नाही. आपल्या शालेय इतिहासाने एक समज मनात पक्का केला आहे: इंग्रजांकडे तोफा चांगल्या होत्या, आपल्याकडे ढाल-तलवार होती, म्हणून आपण हरलो. हा समज चुकीचा आहे आणि घातकही आहे, कारण त्यातून निघणारा उपायही चुकीचाच असतो. चांगली तोफ विकत आणली की काम झाले, असे मग वाटू लागते.

मराठ्यांना तोफखान्याचे महत्त्व उमगले नव्हते, असे मुळीच नाही. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. सोनोरीजवळचा मल्हारगड त्यांनीच बांधला, आजही पुण्याहून लोक सुट्टीच्या दिवशी तिथे चढून जातात. 1760 च्या उदगीरच्या लढाईत आणि पुढच्या वर्षी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी आणि तोफांनी काय केले, ते मराठी माणसाला सांगायला नको. इब्राहिमखानाने ही विद्या फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली उचलली होती.

पानिपतानंतर हा धडा सर्वांत नेटाने गिरवला तो महादजी शिंद्यांनी. 1784 साली त्यांनी द ब्वान्य या सव्हॉयच्या सेनानीला चाकरीत घेतले आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना चालू झाला. तिथे सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर होता. 1790 साली पाटण आणि मेडत्याच्या रणांत या फौजेने राजपुतांचे घोडदळ मोडून काढले. तेव्हाच्या हिंदुस्थानात कंपनी सरकारला धास्ती वाटावी अशी फौज ती हीच.

मग 1803 साल उजाडले. 23 सप्टेंबरला असईच्या मैदानावर आर्थर वेलस्लीसमोर शिंद्यांच्या जवळपास शंभर तोफा उभ्या होत्या. लढाई वेलस्लीने जिंकली, पण त्याचे पंधराशेच्या वर लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे आयुष्यभर तो असईचे नाव काढत राहिला. इंग्रजांची पहिली फळी अंगावरून पुढे निघून गेल्यावर शिंद्यांचे काही गोलंदाज, जे मेल्यासारखे पडून होते, ते उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. हे इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. हाती आलेल्या पितळी तोफा पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्या घडणीची तारीफ केली. 1 नोव्हेंबरला लासवारीच्या लढाईतही गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेजवळच कापले गेले.

तोफा चांगल्या होत्या, माणसे शूर होती. मग उणे कशाचे होते? पलटणींचे वरचे अधिकारी जवळपास सगळे युरोपी होते. द ब्वान्य 1795-96 च्या सुमारास नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी पेरॉन आला. लढाई सुरू झाली तसे गव्हर्नर जनरलने जाहीर केले की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या इंग्रज प्रजाजनांची सोय केली जाईल. भराभर माणसे फुटली. 4 सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला आणि त्याच आठवड्यात खुद्द पेरॉन आपली मालमत्ता सांभाळत कंपनीच्या आश्रयाला गेला. असईला शिंद्यांच्या पायदळाची सूत्रे पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाकडे होती, तोही पुढे टिकला नाही. जो गोलंदाज तोफेपाशी मेला त्याला ती डागता येत होती. ती कुठे मांडावी, पलटण कधी फिरवावी, दोन ब्रिगेडींचा मेळ कसा घालावा, हे ज्यांना येत होते ते पगारी होते आणि त्यांचे हित दुसरीकडे होते. वीस वर्षांत एक तरी मराठी किंवा हिंदुस्थानी माणूस ब्रिगेडच्या सरदारीपर्यंत चढवला असता, तर असईचा निकाल बदलला असता की नाही हे कोणी सांगू शकत नाही. पण पेरॉन गेला त्या दिवशी उत्तरेची फौज बेवारस झाली नसती, एवढे मी खात्रीने म्हणतो.

नोव्हेंबरच्या 29 तारखेला वऱ्हाडात अडगावला भोसल्यांचा पराभव झाला, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. जबलपूर तेव्हा वाचले, पण ज्या राज्याची कंबर 1803 मध्ये मोडली होती त्याच्याकडून 1817 मध्ये ते राखले जाणे शक्य नव्हते.

मग कारखान्यासाठी इंग्रजांनी जबलपूरच का निवडले? 1870 साली मुंबईहून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग जबलपुरात एकत्र आले. समुद्रापासून लांब, सरहद्दीपासून लांब, देशाच्या पोटात आणि दोन्ही बंदरांना रेल्वेने जोडलेले हे ठिकाण. आजूबाजूला सागाचे आणि सालाचे जंगल. फतेहगड, मद्रास आणि मुंबई इथे विखुरलेले तोफगाड्यांचे काम एका जागी आणायला आणखी काय हवे? 1904 ची वेळही लक्षात घेण्याजोगी आहे. तोवर तोफ डागली की अख्खा गाडा मागे सरकायचा, मग गोलंदाजांनी तो पुन्हा पुढे ढकलायचा आणि नेम नव्याने धरायचा. 1897 च्या फ्रेंच 75 मिलिमीटर तोफेने हे बदलले. तिची नळी गाड्यावरच मागे सरकायची, तेल आणि दाबलेली हवा तो धक्का पिऊन टाकायची आणि नळीला जागच्या जागी परत आणायची. गाडा हलत नसे, म्हणून मिनिटाला कितीतरी अधिक गोळे सुटत. ब्रिटिशांनी आपली अशाच सरकत्या नळीची 18 पौंडी तोफ स्वीकारली ते सालही 1904 च. जबलपूरचा कारखाना सुरू झाला तेव्हा तोफगाडा सुताराच्या हातून निघून यंत्रकाराच्या हाती जात होता.

पण हे स्वावलंबन कोणाचे होते? कारखाना हिंदुस्थानात, मजूर हिंदुस्थानी, नकाशे आणि निर्णय इंग्लंडचे. 1942 साली महायुद्धाच्या रेट्यात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, तोही त्याच रीतीने. तरीही या चाळीसेक वर्षांत जबलपुरात एक गोष्ट घडली, जी आग्र्याला घडू शकली नव्हती: टर्नर, फिटर, ओतारी, चार्जमन, फोरमन यांच्या पिढ्या तयार झाल्या. बापाने मुलाला ‘फॅक्टरीत’ लावायचे ही तिथली रीतच पडली. स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी, 1947 मध्ये, गावात सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले.

स्वतंत्र भारताने या पायावर काय बांधले? 1950 च्या दशकाच्या अखेरीस, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, जर्मनीच्या एमएएन कंपनीशी करार होऊन ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागला, आधी जीसीएफमध्येच. 1969 साली त्यासाठी स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. निसानच्या परवान्यावर एक टनी गाडी आणि ‘जोंगा’ निघाली. जोंगा हे नाव म्हणजे जबलपूरच्याच कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रे आयर्न फाउंड्री आली. या गाड्यांनी 1965 आणि 1971 ची युद्धे पाहिली, हिमालयातले घाट पाहिले. पण एक दोष राहून गेला आणि तो मोठा आहे. परवाना घेऊन ट्रक बनवायला आपण शिकलो, त्याचे बहुतेक भाग देशात घडवू लागलो, पण त्यानंतरचा ट्रक आपण रचला नाही. शक्तिमान तीन-साडेतीन दशके जवळजवळ त्याच रूपात निघत राहिला. 1990 च्या दशकात तो बंद झाला आणि वाहन कारखान्यात टाटा आणि अशोक लेलँडच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. नक्कल चांगली करता येणे ही पहिली पायरी आहे. तिथेच तीस वर्षे उभे राहिलो की पाय आखडतात.

तोफेच्या बाबतीत तर दुसऱ्याच्या नकाशाला हात लावण्याचेही धैर्य उरले नाही. 24 मार्च 1986 रोजी स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी 410 तोफांचा करार झाला, किंमत 1,437 कोटी रुपये. 155 मिलिमीटरची, 39 कॅलिबरची तोफ. पुढे ती भारतात बनवता यावी म्हणून तंत्रज्ञान हस्तांतरणाची तरतूद होती आणि हजारो पानांचे नकाशे-दस्तऐवज आपल्याकडे आलेही. एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी दिली. पुढचे राजकारण सर्वांना ठाऊक आहे. कंपनी काळ्या यादीत गेली, भारतात तोफ बनवण्याचा टप्पा बारगळला आणि ते कागद पंचवीस वर्षे पडून राहिले. 1999 च्या कारगिल युद्धात याच तोफांनी शिखरांवरच्या शत्रूच्या मोर्चांचा चुरा केला. तेव्हा सुट्या भागांची ओढाताण अशी होती की एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावावे लागत. कारगिलनंतरही 2017 पर्यंत सैन्याला नवी 155 मिलिमीटर तोफ मिळाली नाही. निविदा निघत, कोणाचे तरी नाव कुठल्या तरी प्रकरणात येई, निविदा रद्द होई. लाचखोरीची चौकशी व्हायलाच हवी होती. पण चौकशी आणि कारखाना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता न येणे, हे राज्यसंस्थेच्या दुबळेपणाचे लक्षण आहे, आणि त्याची किंमत चौकशीत अडकलेल्यांनी नाही, सीमेवरच्या जवानांनी मोजली.

2011 च्या आसपास ते नकाशे बाहेर निघाले. जबलपूरने ठरवले की नुसती बोफोर्सची प्रत काढायची नाही. नळी 39 ऐवजी 45 कॅलिबरची करायची. कॅलिबर म्हणजे इथे नळीच्या व्यासाची पट: 155 मिलिमीटर गुणिले 39 म्हणजे सहा मीटरच्या जरा वर, गुणिले 45 म्हणजे जवळपास सात मीटर. मीटरभर नळी वाढवायची एवढेच ऐकायला वाटते. पण 43-45 किलोचा गोळा सुटताना नळीच्या मुळाशी वातावरणाच्या काही हजार पट दाब तयार होतो. साध्या पोलादाचा पोकळ दंडगोल हा दाब फार वेळा सोसू शकत नाही, आतून तडकतो. म्हणून घडवलेल्या नळीत आतून प्रचंड दाब देऊन तिचा आतला थर मुद्दाम किंचित ताणून टाकतात. दाब काढला की बाहेरचा थर आकसू पाहतो आणि आतल्याला आवळून धरतो. लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतो आणि ती गार होताना चाक आवळते, तत्त्व तेच, फक्त इथे धाव आणि चाक एकाच पोलादात आहेत. मग गोळ्यावर दाब पडण्याआधीच नळी आतल्या बाजूने दाबलेली असते आणि स्फोटाचा ताण आधी तो दाब फेडण्यात खर्ची पडतो. यानंतर नळीत पेचदार खाचा कापायच्या, त्याही सात मीटर लांबीत सरळ रेषा न सोडता. नळी जड झाली की तोल बदलतो, तोल बदलला की धक्का पिणारी यंत्रणा बदलते, ती बदलली की गाडा बदलतो. स्वीडिश कागदावर यातले एकही उत्तर नव्हते. ते काढावे लागले.

कागद आणि कारागिरी यांतले अंतर किती असते, याचे एक उदाहरण जपानचे आहे. सागा संस्थानचा दाइम्यो नाबेशिमा नाओमासा याने 1850 साली लोखंडी तोफा ओतण्यासाठी परावर्तनी भट्टी बांधवली. आधार एकच: ह्यूगनिन या डच अधिकाऱ्याचे लिएज इथल्या ओतशाळेवरचे पुस्तक. भट्टी पाहिलेला एकही माणूस जवळ नव्हता. ओतारी, तलवारी घडवणारे लोहार, गणिती आणि डच वाचणारे पंडित त्याने एकत्र बसवले. पहिली ओतकामे वाया गेली, तोफा फुटल्या. पण तीन-चार वर्षांत सागाच्या तोफा अशा निघू लागल्या की अमेरिकेची काळी जहाजे आल्यावर शोगुनाने एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रक्षणासाठी त्याच मागवल्या. महादजींनी सँगस्टरला आणले तेव्हा तोफ लगेच मिळाली. नाबेशिमाला ती उशिरा मिळाली, पण त्याच्या ओतशाळेतून फुटून जाणारे कोणी नव्हते.

जबलपूरलाही वाया जाणे भोगावे लागले. 2013 मध्ये पोखरणला चाचणीत नळी फुटली. 2017 मध्ये दोनदा गोळा नळीच्या तोंडच्या ब्रेकवर आपटला. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला. आरोप असा की तोफेसाठी जर्मन बनावटीची म्हणून पुरवलेली वायर रेस रोलर बेअरिंग प्रत्यक्षात चिनी होती. तोफेचा जड भाग डगमगू न देता फिरवणारी ही वस्तू. न्यायालयीन बाजू बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते: जी बेअरिंग आपल्याला बनवता येत नाही ती तपासणेही कठीण असते. वस्तू घडवणारा हातच तिचा खोटेपणा ओळखतो. खिळा कोणाचाही चालेल, पण ज्या भागावर नेम आणि जीव अवलंबून आहेत तो भाग ओळखणारा माणूस घरचाच हवा.

फेब्रुवारी 2019 मध्ये 114 धनुष तोफांच्या उत्पादनाला मंजुरी मिळाली आणि 8 एप्रिलला जीसीएफमध्ये पहिल्या सहा तोफा सैन्याच्या हवाली झाल्या. पल्ला सुमारे 38 किलोमीटर, देशी भागांचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर. पुढचे उत्पादन रेंगाळले, हेही सांगितले पाहिजे. तरीही मी धनुषला मोठे यश मानतो. तिच्यात बिघाड झाला तर त्याचे कारण शोधणारी माणसे जबलपुरात, कानपुरात आहेत. त्यासाठी कुठल्या परदेशी कंपनीला पत्र लिहावे लागत नाही.

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झाले. 41 कारखाने आणि सत्तर हजारांवर कामगार सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्याआधी काही महिने संप करण्याला बंदी घालणारा कायदाही झाला होता. कामगार संघटनांचा विरोध होता, तो समजण्यासारखा आहे. दुसरीकडे, गिऱ्हाईक एकच आणि तेही ठरलेले असल्याने कारखान्यांत आलेला ढिलेपणा, दर्जाबद्दल सैन्याच्या वर्षानुवर्षांच्या तक्रारी, यांकडे डोळेझाक करता येत नाही. खाजगी उद्योगही आता या कामात आहेत. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या सरकारी संस्थेने विकसित केलेल्या ‘एटॅग्स’ तोफेच्या 307 नगांचा करार मार्च 2025 मध्ये भारत फोर्ज आणि टाटा यांच्याशी झाला. विद्या एका खात्यात कोंडून न राहता पसरते आहे, हे चांगलेच आहे. पण राज्यसंस्था कारखान्यातून हात काढून घेत असेल तर तिने हिशेब कशाचा ठेवावा? इमारत, यंत्रे, जमीन यांची किंमत ताळेबंदात येते. पोलादाच्या रंगावरून ते किती तापले आहे हे ओळखणारा फोर्जमधला कारागीर निवृत्त झाला, आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकले नसेल, तर ते नुकसान कुठल्याच रकान्यात लिहिले जात नाही. कंपनी असो की खाते, पाच वर्षे भरती थांबली तर ही साखळी तुटते, आणि तुटलेली साखळी पैसे टाकून एका वर्षात जोडता येत नाही.

आज जबलपूरच्या चार कारखान्यांची मुख्यालये चार गावांत आहेत. तोफगाड्यांचा कारखाना कानपूरच्या कंपनीखाली, वाहन कारखाना चेन्नईजवळच्या आवडीच्या, खमरियाचा दारूगोळा पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाखाली आणि ग्रे आयर्न फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाखाली. म्हणजे 1817 मध्ये नागपूरने जे जबलपूर गमावले, त्यातल्या एका ओतशाळेचे निर्णय आज पुन्हा नागपुरात होतात. पुण्या-नागपूरच्या वाचकांनी हा विषय दूरच्या मध्य प्रदेशाचा समजू नये. या कंपन्या सरकारी आहेत, त्यांचे वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतात. ते हाती आले की नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. त्या वर्षी किती शिकाऊ कामगार घेतले आणि त्यांतले किती कायम झाले, तेही शोधा, आणि आकडा सापडला नाही तर आपल्या खासदाराला विचारा.